शेतांतला वाटा

भाजी बाजारांतून आणावयाची, पैसे मोजावयाचे आणि शेतकऱ्याशीं असलेला आपला संबंध तेथेंच संपवावयाचा, ही रीत आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, याहून निराळी कांहीं व्यवस्था असूं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. अशी एक निराळी व्यवस्था २०२३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत चिरंजिवांकडे राहिलों असतां आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. तिचा वृत्तान्त आमच्या वाचकांस, विशेषतः एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या मंडळींस, मननीय वाटेल अशी आशा आहे.

चिरंजिवांचें बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्स राज्यांत, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यांत आहे. तेथील एका शेतांत त्यांनीं वाटा घेतला होता. वाटा म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. फेब्रुवारींत, शेत बर्फाखालीं असतांना, सभासदांनीं सबंध हंगामाचे पैसे आगाऊ द्यावयाचे. त्यांतून शेतकऱ्यानें बियाणें, खत व मजुरी यांचा खर्च भागवावयाचा. आणि जूनपासून आक्टोबरपर्यंत दर आठवड्यास जें पिकेल तें सर्वांनीं वांटून घ्यावयाचें. पीक भरघोस आलें तर टोपली भरून, बुडालें तर जवळजवळ रिकामी! अमेरिकेंत ही पद्धति १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशर येथील दोन शेतांवर सुरू झाली. जपानांत ‘तेइकेइ’ या नांवानें तत्सम प्रथा त्यापूर्वींच, १९७० नंतरच्या दशकांत, रुजली होती.

जूनच्या अखेरीस तेथें सूर्य पहांटे सव्वापांचाला उगवतो, तो रात्रीं साडेआठाला मावळतो. आणि काम त्या पंधरा तासांनाहि पुरून उरतें. पालेभाजी ऊन चढण्यापूर्वीं कापून लागलीच थंड पाण्यांत बुडवावयाची, म्हणजे तिच्या अंगांतील उष्मा निघून ती टवटवीत राहते. झुकिनी नांवाचा काकडीसारखा कोवळा भोपळा एक दिवसाआड तोडला नाहीं, तर तो हातभर वाढून जून होतो. टोमॅटोचीं झाडें खुंट्यांना सुतळीनें बांधावीं, गाजरांतील तण गुडघे टेकून हातानें उपटावें, मटार संपला कीं ती जागा मोकळी करावी, आणि ऐन उन्हांत शरद्‌ ऋतूच्या कोबीचीं रोपें लावावीं. आक्टोबरांत लावलेल्या लसणीचे फुलदांडे जूनांत खुडतात, म्हणजे गड्ड्यास जोर येतो. त्या दांड्यांची चटणी सूनबाईंनीं केली होती. ती आपल्या ओल्या लसणीच्या चटणीस हार जाणारी नव्हती.

जुलैच्या १० व ११ तारखांस उत्तरेकडे व्हरमाँटांत अतिवृष्टि झाली आणि नदी फुगून खालच्या वावरांत शिरली. पाणी ओसरलें तेव्हां भोपळे व टोमॅटो जागच्या जागीं दिसत होते. परंतु ते घेतां येईनात. पुराचें पाणी खाण्याच्या भागास लागलें कीं तें पीक माणसांच्या अन्नास अयोग्य, असा तेथील सरकारी दंडक आहे. आणि पुराबरोबर मैला व तेलें वाहून येतात, हें पाहतां तो रास्तच आहे.

आमची उभी हयात हिशेबखात्यांत गेलेली. आम्हीं चिरंजिवांस सांगितलें, “निम्मा माल बुडाला, निम्मे पैसे परत माग.” ते शांतपणें म्हणाले, “बाबा, आम्हीं भाजी विकत घेतली नव्हती. वर्ष घेतलें होतें.” आम्हांस तें उत्तर पटलें नाहीं. “भावनेनें चूल पेटत नाहीं,” असें आम्ही बोलून गेलों, आणि त्या रात्रीं पानावर फारसें कोणी बोललें नाहीं.

उंचावरच्या तुकड्यांतील लसूण तेवढी वांचली होती. ती काढण्यास सभासदांनीं शनिवारीं यावें, असा निरोप आला. आम्हीहि गेलों. चातुर्मास लागलेला असल्यामुळें आमच्या सौभाग्यवतींस कांदा-लसूण वर्ज्य. पण “खाण्याला निषेध आहे, उपटण्याला नाहीं,” असें म्हणून त्या पदर खोंचून आमच्याआधीं वाफ्यांत उतरल्या. माती सैल करावी, बुंध्याशीं धरून गड्डा ओढावा, न आपटतां झटकावा आणि जुड्या बांधून कोठारांत वाऱ्यावर टांगाव्या. दोन-तीन आठवड्यांत साल वाळून लसूण टिकाऊ होते. शेतकरीणबाई शेजारच्याच ओळींत होत्या. “फेब्रुवारीचा पैसा केव्हांच शेतांत गेला,” त्या सहज म्हणाल्या, “जें थोडें उरलें आहे, त्यांतून या मोकळ्या जागेंत पुढल्या आठवड्यांत पुन्हां पेरणार.” आमच्या हिशेबांतील चूक तेव्हां आमच्या ध्यानांत आली. आम्ही मागूं पाहत होतों ती रक्कम कोणा धनिकाच्या तिजोरींतून नव्हे, त्या पेरणींतून निघणार होती.

एकत्र कुटुंबांत एका भावाचें वर्ष बुडालें, तर दुसऱ्याच्या मिळकतींतून त्याचीं मुलें जेवतात व कोणी पावती मागत नाहीं. हें आपण जाणतों. परंतु तें उंबरठ्याबाहेरहि शक्य आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आपल्या जुन्या बलुतेदारींतहि पिकाचा वाटा असे. पण तो जन्मानें ठरलेला. हा स्वेच्छेनें घेतलेला असून वर्षअखेर सोडतांहि येतो. अर्थात् तो सर्वांस साधेल असें नाहीं. ज्या घरीं महिन्याची प्राप्ति महिन्यांतच संपते, त्यांनीं आगाऊ रक्कम कोठून द्यावी? कित्येक शेतांवर हप्ते पाडून देतात, तरी अडचण उरतेच.

२०२४ च्या फेब्रुवारींत चिरंजिवांनीं पुन्हां वाटा घेतला. पैसे या खेपेस आम्हीं दिले. पुण्यास परतल्यावर मंडईंत कोथिंबिरीच्या जुडीसाठीं घासाघीस करण्याची आमची जुनी खोड पुरती गेली, असें मात्र म्हणवत नाहीं. परंतु अवेळीं पाऊस पडून जुडी महागली, असें भाजीवाल्या मावशी सांगूं लागल्या म्हणजे आतां आम्ही “कोणत्या गांवीं पडला?” एवढें तरी विचारतों.