वाचकाला कारागीर मानणारं मासिक

'बाइट' हे अमेरिकी संगणक मासिक इंटरनेटने मारलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो या छोट्या गावातून निघालेला त्याचा पहिला अंक वाचकाला गिऱ्हाईक नव्हे, कारागीर मानत होता. स्टीव्ह सिआर्सिया यांचं सदर तर सोल्डरिंग आयर्न हाताशी ठेवूनच वाचायचं! ऑगस्ट १९८१ चा जवळजवळ अख्खा अंक स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेला वाहिलेला होता. आज असं धाडस कोण करील? पुढे मात्र मासिक तयार यंत्रांच्या परीक्षणांकडे झुकलं. तयार यंत्रं घरोघर आल्यावर परीक्षणं वाढणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण खोलात शिरू पाहणारा वाचक तेव्हाही होताच. त्याला गृहीत धरलं गेलं. १९९८ मध्ये तेव्हाचा मालक असलेल्या मॅकग्रॉ-हिलने मासिक सीएमपी या प्रकाशन कंपनीला विकलं. नव्या मालकाने त्याच वर्षी जुलैच्या अंकानंतर छापील 'बाइट' बंद केलं.