निंदणी कुठवर करायची?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवान रोपवनांत पहिला पावसाळा रोपांचे भवितव्य बरेचसे ठरवून टाकतो. लावलेली जडी (सागाचे छाटलेले मूळ-खोड) फुटू लागते, त्याच पावसावर गवत, तरोटा, रानतुळस, घाणेरी आणि जुन्या खुंटांचे फुटवेही उठतात, आणि त्यांची वाढ बहुधा रोपापेक्षा जोरात असते. अशा वेळी सगळी जमीन साफ करायची, की रोपाला अपाय होणार नाही एवढी वाढ राहू द्यायची? दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे आहेत आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे.

जमीन साफ ठेवावी असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. साग प्रकाशप्रिय आहे. कोवळ्या वयात त्याला सावली सोसत नाही. विदर्भात पाऊस चार महिन्यांचा; नंतरच्या कोरड्या महिन्यांत टिकायचे तर रोपाची मुळे त्याआधी खोल जायला हवीत, आणि वरच्या थरातली ओल गवताने ओढून घेतली तर ती जात नाहीत. पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी एक निंदणी ही रूढ पद्धत याच अनुभवातून आली. शिवाय फेब्रुवारीनंतर वाळलेले गवत म्हणजे वणव्याला आयते सरपण. 1974 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाच्या रोपवनांत गुंतलेला पैसा सार्वजनिक आहे. रोपे मेली तर नुकसानही सर्वांचेच.

मात्र, रोपवनातली प्रत्येक आगंतुक वनस्पती सारखी नसते. तरोट्याची कोवळी पाने पावसाळ्यात भाजीला येतात आणि बी विकून दोन पैसे मिळतात. गवतावर चितळ आणि रानगवे चरतात, त्यांच्यावर वाघ जगतो. मातीचा मुद्दा तर अधिक गंभीर आहे. सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र येतात आणि मोठे होऊन खाली पडतात. खाली गवत किंवा पाचोळा नसेल, तर हे थेंब उघडी माती उखडतात. उतारावर ती ओढ्याला लागते. आज रोपाला मिळालेला फायदा पुढच्या काही दशकांत जमिनीच्या कसातून वळता होऊ शकतो.

तणनाशकांच्या प्रश्नावर मतभेद अधिक तीव्र आहेत. निंदणीचा आणि धानाच्या रोवणीचा हंगाम एकच, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी मजूर मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. फवारणीने माती खणली जात नाही, हाही तिचा गुण मान्य करायला हवा. न्यूझीलंडमधील पाइनची व्यापारी वने बऱ्याच अंशी तणनाशकांवर अवलंबून आहेत.

दुसरीकडे, कॅनडातील क्वेबेक प्रांताने 2001 पासून सार्वजनिक वनांत रासायनिक तणनाशके बंद केली आणि यंत्राने व हाताने सफाई करून वनव्यवसाय चालू ठेवला. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा निष्कर्ष वेगळा आहे. विज्ञानात एकमत नसले तरी फवारा पाठीवर घेणाऱ्या मजुराचा धोका आजचा आहे. भारत सरकारने 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. शिवाय सागही रुंद पानाचाच. वाऱ्याने उडालेला फवारा रोप आणि तण यांत भेद करत नाही.

घाणेरीच्या बाबतीत मात्र सबुरीचा युक्तिवाद तोकडा पडतो. देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरल्याचे 2020 च्या अभ्यासात नोंदले गेले. तिच्याखाली गवत टिकत नाही आणि वरून छाटली तर ती अधिक जोमाने फुटते. खोडाच्या बुडाशी, जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटे ठेवणे, ही दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली पद्धत कष्टाची आहे, पण त्यासाठी रसायन लागत नाही.

या साऱ्याचा विचार करता आमचा कल सरसकट सफाईऐवजी निवडक निंदणीकडे आहे. दोन बाय दोन मीटर अंतराने हेक्टरी 2500 रोपे असतात. प्रत्येकाभोवती अर्धा मीटर त्रिज्येचे आळे साफ केले, तर एकूण जमिनीचा जेमतेम पाचवा भाग उघडा पडतो. गवत दाट असेल तिथे आळे रुंद करावे लागेल. ओळींमधली वाढ रोपाच्या डोक्यावर जाऊ लागली तरच कापावी, घाणेरी दिसेल तिथे मुळासकट काढावी आणि वणवा अडवणाऱ्या जाळरेषा मात्र पूर्ण स्वच्छ ठेवाव्यात. उतारावर गवताचे आडवे पट्टे राखावेत. रसायन हा अखेरचा उपाय असावा, तोही खुंटांपुरता आणि पाण्यापासून दूर.

या मार्गाला किंमत आहे. काही रोपे मागे पडतील, देखरेख वाढेल आणि प्रत्येक मजुराला रोप व तण ओळखता यावे लागेल. म्हणूनच कामाचे मोजमाप साफ केलेल्या हेक्टरांवर थांबता कामा नये. तिसऱ्या वर्षी किती रोपे जोमात आहेत आणि खालची माती किती झाकलेली आहे, या दोन्ही गोष्टी पाहूनच पुढच्या निंदणीचा निधी आणि मजुरीचे दर ठरवावेत. सरसकट सफाईचे समर्थक रोपे जगण्याची खात्री मागतात, तर तिचे विरोधक माती टिकण्याची. दोघांनाही उत्तर देणारा हिशेब हाच आहे.