महबूबगंज कुठे आहे?

या महिन्यात आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगावी म्हणतो. गोष्ट एका दुकानाची आहे, आणि एका हरवलेल्या नावाची.

अब्बांच्या इंतकालाला वर्ष झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांची लोखंडी पेटी उघडली. घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिले, लग्नपत्रिका आणि तळाशी कापडात गुंडाळलेला एक जुना दस्त. दस्त उर्दूत होता. आम्ही उर्दू बोलतो, पण ते घाईघाईचे घसीट अक्षर आम्हाला लागेना. मोहल्ल्यातल्या मौलवी साहेबांनी चष्मा पुसून वाचून दाखवले. आमच्या दादांनी फसली सन १३५० मध्ये बीड येथील बाजार महबूबगंजमध्ये एक दुकान खरीदले होते. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे १९४० च्या सुमाराची ही गोष्ट.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे दुकान तर हिरालाल चौकात. घरपट्टी अब्बांच्या नावाने, लाइट बिल अब्बांच्या नावाने. ते अब्बांनीच घेतले असेल, अशीच आमची समजूत. मग हे महबूबगंजचे दुकान कोणते?

कचेरीत चौकशी केली. तिथल्या माणसाने नोंदी चाळून सांगितले, "महबूबगंज नावाचा भाग आमच्या यादीत नाही." हे ऐकून आम्हाला हायसे वाटले. आता खोटे कशाला लिहायचे? दुकान अब्बांचे असेल तर ते आम्हा भावंडांचे. दुकान दादांचे असेल तर त्यात आमच्या फुफीचाही हिस्सा. दादांची मुले दोनच, अब्बा आणि फुफी. सूरह निसामधला हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. तीन वाटे, दोन मुलाचे आणि एक मुलीचा. दादांच्या माघारी तो वाटा फुफीला मिळालाच नव्हता. तिने मागितला नाही, आणि कुणी दिला नाही. आपल्याकडे "बहिणीने माफ केले" असे म्हणून किती पेट्या बंद झाल्या असतील, ते आपल्यालाच ठाऊक.

पण दस्त एकदा वाचून झाला होता. न वाचल्यासारखे करता येईना. जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही फुफीकडे गेलो. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग सहज विचारावे तसे विचारले, "फुफी, महबूबगंज कुठे होते?"

फुफी हसली. "होते म्हणजे? अरे, अपना गंज. दुकान कहाँ है तुम्हारी? हिरालाल चौक नाम तो बाद में पड़ा." आणि मग लहानपणी दादांचा डबा घेऊन ती कोणत्या गल्लीतून जायची, ते सांगू लागली. जे कचेरीच्या यादीत नव्हते, ते शाळेची पायरी न चढलेल्या फुफीच्या तोंडी होते.

त्या दिवसापासून आम्हाला बीडच्या नावांचा नाद लागला. महबूबगंज हे नाव सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे. त्यांची कारकीर्द १८६९ ते १९११. फार्सीत गंज म्हणजे खजिना, साठा. पुढे जिथे धान्याचा साठा आणि घाऊक बाजार असतो, त्या जागेलाच गंज म्हणू लागले. बीडमध्ये गंज काही एकच नव्हे. बशीरगंज आजही आहे. आणि त्याही आधी, औरंगजेबाच्या काळात, नायब सुभेदार हाजी सदरशाह यांनी १७०२ मध्ये ईदगाह बांधली आणि १७०३ मध्ये शहराच्या पूर्वेच्या उंचवट्यावर नवी वस्ती वसवली. आज तिला आपण इस्लामपुरा म्हणतो. म्हणजे एखाद्याच्या जुन्या कागदात नुसते गंज लिहिलेले असेल, तर तो कोणता गंज हे कुणीतरी सांगायला हवे.

गावाच्या तटाबाहेर वस्ती वाढली की तिला नाव पडायचे, आणि नावाच्या शेपटावरून ती वस्ती कशाची ते कळायचे. पेठ म्हणजे बाजाराची वस्ती. बिंदुसरेच्या काठचे आपले पेठ बीड तसेच. पुरा हा मूळचा संस्कृत पुर. मोहल्ला अरबी. वेस म्हणजे गावाचा दरवाजा. कोतवाली वेशीतला कोतवाल म्हणजे शहराचा बंदोबस्त पाहणारा अंमलदार. तो शब्द संस्कृतातल्या कोट्टपालावरून आला, फार्सी दप्तरात जाऊन बसला आणि तिथून पुन्हा आपल्या मराठीत परतला. एका वेशीच्या नावात इतका प्रवास आहे.

काही नावे पाण्याची आहेत. कारंजा हा भाग घ्या. नावातच कारंजे आहे, म्हणजे पाणी आहे. बीडजवळची खजाना बावडी तर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. अहमदनगरच्या निजामशाहीतला वजीर सलाबतखान हा बीडचा जहागीरदार असताना १५८२ च्या सुमारास ती बांधली गेली. तिच्या तळाशी बोगदे आहेत. काहींतून पाणी आत येते आणि एकातून शेतीकडे जाते. दुष्काळी मुलुखात पाण्याला खजाना म्हणणाऱ्याचे काय चुकले?

नावे चुकतातही बरे का. याच सलाबतखानाची कबर अहिल्यानगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळ, डोंगरावर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीचा त्या इमारतीशी संबंध नाही, तरी नाव तिचेच चिकटले. म्हणून नुसत्या नावावर भागत नाही, त्यामागची गोष्टही विचारावी लागते.

काही नावे हुन्नराची आहेत. मोमीन या शब्दाचा अर्थ ईमान असलेला. पण महाराष्ट्रात मालेगाव, भिवंडीपासून मराठवाड्यापर्यंत मोमीन म्हटले की हातमाग डोळ्यांसमोर येतो, कारण विणकरांची बिरादरी याच नावाने ओळखली गेली. बीडचा मोमीनपुरा काय किंवा दुसऱ्या गावचा काय, नाव तेच सांगते. आपली आडनावे आणि गल्ल्यांची नावे ही सख्खी भावंडेच आहेत. मणियार, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार. कुणी बांगड्या विकल्या, कुणी अत्तर, कुणी पान. कुणी भाजीपाला-फळांचा धंदा केला, कुणी कापूस पिंजला, कुणी हत्यारांना धार लावली. आज त्या घरांतली मुले इंजिनिअर झाली, शिक्षक झाली. धंदा गेला, नाव राहिले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती हलाल कमाईची पावती आहे.

मात्र सगळीच जुनी नावे जपण्यासारखी नसतात, हेही सांगितले पाहिजे. गावोगावी वस्त्यांना जातीची नावे होती. ती ठेवली दुसऱ्यांनी, आणि पत्ता सांगताना मान खाली घालावी लागायची तिथे राहणाऱ्यांना. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने अशी जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. ज्या नावाने माणूस लहान होतो, ते नाव जावे. पण नाव बदलणे वेगळे आणि ते कधी नव्हतेच असे करणे वेगळे. कागदावरून ते साफ पुसले, तर त्या वस्तीतल्या घराचा जुना हक्कही उद्या कुणी नाकारू शकेल.

आपल्या मराठवाड्याने नावांचे बदल पुष्कळ पाहिले. अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. यावर घराघरात बोलणे झाले, कुणी खूश, कुणी नाराज. त्याच औरंगाबादेत मोगलांच्या वेळचे पुरे आहेत. त्यात बेगमपुरा आहे, तसे जयसिंगपुरा, जसवंतपुरा, करणपुरा, पदमपुराही आहेत. शेवटची दोन नावे बिकानेरचे राजा करणसिंह आणि त्यांचा मुलगा पदमसिंह यांची. मोगलांच्या शहरात राजपूत सरदारांच्या नावाचे मोहल्ले, आणि ते आजही त्याच नावाने नांदतात. इतिहास असा गल्लीबोळात भेटला की भांडण थोडे कमी होते.

शहराचे नाव बदलले तर वर्तमानपत्रात येते. गल्लीचे नाव बदलले तर कुणाला पत्ताही लागत नाही. त्यात आपल्या भागात दप्तराची भाषाही बदलली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. कारभार उर्दूत चालायचा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. दस्त उर्दूत, पावती मराठीत, आधार कार्डावर तिसरेच काही. आता गावाबाहेर शेतात प्लॉट पडतात आणि मालकाच्या मनाला येईल ते नाव कॉलनीला मिळते. खरेदीखतात गट नंबर, लाइट बिलावर कॉलनी, रेशन कार्डावर जुना मोहल्ला. घर एक, पत्ते तीन. पासपोर्टच्या वेळी, मुलाच्या दाखल्याच्या वेळी, मतदार यादीत नाव शोधताना हे तीन पत्ते एकमेकांना ओळख देत नाहीत.

म्हणून आमची एक विनंती आहे. या रविवारी घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ, आणि शक्यतो बाईमाणसाजवळ, वही घेऊन बसा. बायकांचे माहेर एका गल्लीत, सासर दुसऱ्या गल्लीत. दोन्हीकडची नावे त्यांच्या लक्षात असतात. विचारा: आपल्या मोहल्ल्याला आधी काय म्हणत? हे नाव कधी पडले? जवळ कोणती मशीद, दर्गा, विहीर, झाड होते? शेजारी कोण राहायचे? उत्तरे लिहा, तारीख घाला आणि तो कागद घराच्या दस्ताशेजारी ठेवा. उर्दू किंवा मोडी दस्त असेल तर जाणकाराकडून आताच वाचून घ्या. वाचणारे कमी होत चाललेत. आणि नवा कोणताही कागद करताना दोन्ही नावे घाला, आजचे आणि पूर्वीचे.

आमच्या दुकानाचे सांगायचे राहिले. दस्तातल्या चतुःसीमा आम्ही फुफीला वाचून दाखवल्या. पूर्वेला अमुक, दक्षिणेला रस्ता. तिने प्रत्येक शेजाऱ्याची आजची पिढी ओळखली. बाजारातल्या दोन म्हाताऱ्यांनी तेच सांगितले. दुकान दादांचेच होते.

वाटणीचा कागद झाला त्या दिवशी फुफी रिक्षातून आली. तिच्या वाट्याचे आकडे वाचले तेव्हा ती काही बोलली नाही. जागेचे वर्णन वाचताना मात्र तिने थांबवले, "गंज लिखे क्या?"

लिहिले होते. हिरालाल चौक, पूर्वीचे महबूबगंज. तिने मान डोलावली आणि अंगठा पुढे केला.