साथीशी मुकाबला रजेपासूनच

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. प्रशासनाने शाळा, चित्रपटगृहे बंद केली. कारखाने मात्र फार काळ बंद ठेवणे परवडत नाही, हे २०२० च्या टाळेबंदीने दाखवून दिले. म्हणूनच खरा प्रश्न रजेचा आहे. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. परंतु योजनेबाहेरच्या कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. तो तापातही कामावर येणारच. मास्क, साबण, लस यांची तरतूद हवीच. पण पूर्वतयारीचे पहिले कलम भरपगारी आजारी रजा हेच असले पाहिजे.