दोष एकट्या वन खात्याचा नाही

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली पाइनची जंगले भुंगेऱ्यांनी फस्त केली, त्याचा तापमानवाढीशी काही संबंध नाही, असा मुद्दा हल्ली फार ठासून मांडला जातो. मांडणारे म्हणतात: हा भुंगेरा तिथलाच. त्याच्या साथी पूर्वीही येत. शतकभर वणवे विझवल्यामुळे म्हाताऱ्या पाइनची सलग जंगले वाढली आणि किडीला आयते खाद्य मिळाले. तेव्हा सगळा दोष वन खात्याचा. हवामानाचे नाव घेणे म्हणजे त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे.

यातली पहिली तीन विधाने खरी आहेत. म्हणूनच चौथे लोकांच्या गळी सहज उतरते.

तांदळाच्या दाण्याएवढा हा भुंगेरा लॉजपोल पाइनच्या सालीत शिरून अंडी घालतो आणि सोबत आणलेली बुरशी झाडाचे पाणी तोडते. अळ्या सालीखालीच हिवाळा काढतात. थंडी वाढेल तसे त्यांच्या अंगात ग्लिसरॉल साठते आणि त्या गोठत नाहीत. ऐन हिवाळ्यात त्यांना मारायला पारा उणे 40 अंशांच्या आसपास उतरावा लागतो. ग्लिसरॉल पुरेसे साठण्याआधीच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उणे 25 ची लाट आली तर मात्र तेवढ्यानेही त्या मरतात. प्रांताच्या मधल्या पठारांवर अशी थंडी पूर्वी वरचेवर पडे. चिल्कोटिन पठारावर 1970 च्या दशकात सुरू झालेली साथ पुढच्या दशकाच्या मध्यावर अशाच अकाली थंडीने संपवली. तेव्हा खाते तेच होते, वणवे विझवण्याचे धोरण तेच होते, जुन्या पाइनलाही तोटा नव्हता. तरी साथ संपली. 1990 च्या दशकातली साथ मात्र थांबेना, कारण तिला थांबवणारी थंडीच आली नाही. सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगलाला तिची झळ बसली, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्राला. विक्रीजोगे निम्मे पाइन उभ्याउभ्या वाळले. कारभार हेच एकमेव कारण असेल, तर त्याच कारभारात आधीची साथ का आटोपली? या प्रश्नाला ही मंडळी कधी भिडतच नाहीत.

उन्हाळ्यांचा पुरावाही तेच सांगतो. उंच डोंगरांवर भुंगेऱ्याची एक पिढी पुरी व्हायला दोन वर्षे लागत. आता अनेक ठिकाणी ती वर्षात पुरी होते. दुष्काळात झाडाची राळ आटते, आणि भुंगेऱ्याला सालीबाहेर ढकलायला झाडाकडे राळच असते. याच साथीत 2006 मध्ये भुंगेऱ्यांचे थवे वाऱ्यावर रॉकी पर्वत ओलांडून शेजारच्या अल्बर्टा प्रांतात उतरले. 2011 मध्ये जॅक पाइन या पाइनच्या दुसऱ्या जातीलाही त्यांची लागण झाल्याचे सिद्ध झाले.

उष्मा वाढला की प्रत्येक कीड वाढते, हेही खरे नाही. आल्प्समध्ये लार्चची पाने खाणाऱ्या एका पतंगाच्या साथी शतकानुशतके आठ-दहा वर्षांनी येत. 1980 नंतर काही दशके त्या जवळपास थांबल्या, आणि अभ्यासकांनी त्याचे कारण वाढत्या उष्म्यात शोधले. हे उदाहरण प्रतिपक्षाच्या कामाचे नाही. साथ वाढली काय नि थांबली काय, हवामानाचा हात दोन्हीकडे दिसतो.

एकच गुन्हेगार शोधण्याची ही खोड जुनी आहे. आपल्याकडे निलगिरीच्या लागवडीवर वाद पेटला तेव्हाही पाणी आटण्याचा दोष झाडाचा की पावसाचा, असा दोनातून एक निवडण्याचा हट्ट झाला आणि भूजलाचा उपसा बाजूलाच राहिला.

मग करायचे काय? वेगवेगळ्या वयांची, मिश्र झाडांची जंगले वाढवावीत, जिथे शक्य तिथे नियंत्रित आग लावावी, हा वन खात्याच्या टीकाकारांचा सल्ला अगदी योग्य आहे. पण त्यासोबत कर्ब उत्सर्जनही कमी केले पाहिजे, कारण मेलेली जंगले स्वतःच कर्ब सोडून उष्म्यात भर घालतात: 2008 च्या एका अभ्यासाने या साथीमुळे 2000 ते 2020 या काळात 27 कोटी टन कार्बनचा फटका बसेल असा अंदाज केला होता. उत्सर्जन घटेपर्यंत अल्बर्टासारखे काम चालू ठेवावे लागेल. तिथे लागण झालेली झाडे हिवाळ्यात हुडकून, उन्हाळ्यात भुंगेरे उडण्याआधी तोडून जाळली जातात.