झटका म्हणजे वाईट बटण

२००६ साली निन्टेंडोचा वी हा गेमिंग कन्सोल बाजारात आला तेव्हापासून एक युक्तिवाद ठाण मांडून बसला आहे. कंट्रोलरवरची डझनभर बटणं नवख्याला बिचकवतात, हात हलवणं मात्र कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हा हालचालीवर चालणारा खेळ हाच स्वाभाविक खेळ, आणि कुरकुर करणारे सगळे जुन्या वळणाचे. वी दहा कोटींहून जास्त विकला गेला. एवढ्या लोकांनी उचलून धरलेल्या गोष्टीला चाळा म्हणायला धारिष्ट्य लागतं. तरी म्हणतो.

वीवरचा ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’ (२०१०) घ्या. खेळ म्हणून अव्वल. त्यातल्या गोरिलाला लोळण घ्यायला लावायची तर धावता धावता वीच्या कंट्रोलरला, म्हणजे रिमोटला, झटका द्यायचा. उभ्या उभ्या दिलात तर तो जमीन बडवतो, खाली बसवून दिलात तर फुंकर मारतो. झटका एकच, अर्थ तीन. आता दरीच्या कडेला लोळत जाऊन उडी मारायची आहे आणि ऐन वेळी अंगठा दिशेच्या बटणावरून जरासा सैल झाला, की पठ्ठ्या तिथेच थांबून जमीन बडवू लागतो. तोवर पायाखालची फळी गेलेली असते. खेळणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं.

त्या झटक्यातून यंत्राला कळतं काय? ‘झटका दिला’, एवढंच. किती जोरात, कुठल्या कोनातून, हे तो खेळ विचारतच नाही. म्हणजे हे बटणच झालं. फक्त उशिरा लागणारं, बेभरवशाचं आणि मनगटाला ताप देणारं. ज्याची बोटं चालतात पण मनगट आखडलेलं आहे, त्याला तर हे ‘सगळ्यांसाठी’ असलेलं दार बंदच.

स्वाभाविकतेचं म्हणाल, तर खऱ्या तलवारीला वजन असतं, ढालीवर आदळली की हाताला झिणझिण्या येतात. रिमोट नुसता हवेत फिरतो. आदळलाच तर टीव्हीवर! वी आल्यावर महिन्याभरातच निन्टेंडोला रिमोटचे सुमारे ३२ लाख मनगटी पट्टे बदलून द्यायची तयारी करावी लागली, ती काही हौसेने नाही.

मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या एक्सबॉक्सच्या कॅमेऱ्याने तर हातातला कंट्रोलरच काढून घेतला. २०१० मध्ये पहिल्या साठ दिवसांत ८० लाख नग खपले. एकट्याने खेळायचं तरी कॅमेऱ्यापासून सहा फूट मागे उभं राहायचं. आपल्या वन बीएचकेत त्यासाठी आधी सोफा हलवायचा. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर किनेक्ट सक्तीने गळ्यात मारला. किंमत झाली ४९९ डॉलर, आणि शेजारी प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. वर्षभराच्या आत किनेक्टविना एक्सबॉक्स विकायला काढावा लागला. २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: प्रत्येक नव्या गोष्टीला आधी चाळाच म्हणतात, निन्टेंडो ६४ च्या अॅनालॉग स्टिकने तरी दुसरं काय केलं? पण तिथेच तर फरक आहे. ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये स्टिक हलकेच ढकलली तर मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण ढकलली तर धावत सुटतो. ही छटा चालू-बंद बटणाला दाखवता येत नव्हती. स्टिकने खेळाच्या शब्दसंग्रहात भर टाकली. झटक्याने जुन्याच शब्दाचा उच्चार अवघड केला.

म्हणून माझं भांडण हालचालीशी नाही. ‘वी स्पोर्ट्स’चं बोलिंग मला मनापासून मान्य आहे. तिथे हात किती वेगाने झुलला, मनगट किती वळलं, चेंडू नेमका कधी सुटला, सगळ्याला किंमत आहे. ‘स्प्लॅटून’मध्ये (२०१५) नेम धरताना ढोबळ वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचा केसभर फरक कंट्रोलर तिरपा करून साधायचा, नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्येही (२०११) वार कुठल्या दिशेने केला याला अर्थ होता, म्हणून त्याला मी चाळा म्हणणार नाही, पण बिनहालचालीचा पर्याय यायला २०२१ ची एचडी आवृत्ती उजाडावी लागली, हे अक्षम्य. तिथे तलवार उजव्या स्टिकने फिरते, आणि दिशा तरीही उरतेच.

प्लेस्टेशन ३ वरच्या ‘लेअर’चंही तेच झालं. २००७ मध्ये कंट्रोलर कलता करूनच ड्रॅगन उडवायची सक्ती होती, टीकेचा भडिमार झाल्यावर पुढच्या वर्षी अपडेटमधून स्टिक आली.

आणि तो दरीच्या कडेचा गोरिला? २०१३ मध्ये तोच खेळ निन्टेंडोच्या ३डीएसवर आला. तिथे लोळायला बटण आहे.