भाड्याचे ड्रोन आणि यजमानाची जबाबदारी

दुकानाचे उद्घाटन, मंगलकार्य अथवा मिरवणूक असली की हल्ली छायाचित्रकाराबरोबर ड्रोनही येते. ही सोय आम्हांस नापसंत नाही. पावसाळ्यापूर्वी गोदामाचे छप्पर तपासावयाचे झाल्यास पत्र्यावर माणूस चढविण्यापेक्षा हे केव्हाही बरे. परंतु ट्रक ठरविताना परवाना व विमा पाहणारे आपले व्यापारी बंधू ड्रोन ठरविताना केवळ दर विचारतात, हे आम्हांस खटकते.

केंद्र सरकारच्या 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडविणाऱ्यापाशी ड्रोनाचा नोंदणी क्रमांक, चालकाचे प्रमाणपत्र व तिऱ्हाइताच्या हानीचा विमा असावयास हवा. इंदूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहरास लागूनच आहे. त्याच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून जवळ परवानगी हवी. तेव्हा जागा मुक्रर करण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहावा.

उड्डाण लोखंडी पत्र्यावरून करू नये, कारण यंत्रातील होकायंत्र बिघडते. मे महिन्यातील उन्हात बॅटरी तापते, फुगलेली तर वापरूच नये. उतरण्याची जागा दोरीने राखावी आणि गर्दीच्या डोक्यावर यंत्र नेऊ देऊ नये. 21 डिसेंबर 2024 रोजी अमेरिकेत ऑर्लँडो येथील ड्रोनांच्या रोषणाईत काही यंत्रे प्रेक्षकांकडे घसरली व एक सात वर्षांचा बालक गंभीर जखमी झाला. चौकशीच्या प्राथमिक अहवालात उड्डाणाच्या मांडणीतील चुकाच नोंदल्या गेल्या. म्हणजे घात जमिनीवरच झाला होता.

आमच्या मते खरी मेख मात्र पैशात आहे. वारा सुटला, चालकाचे मन कचरले, पण उड्डाण न केल्यास मोबदला बुडणार. इकडे यजमानाचे पाहुणे माना वर करून उभे! असा गरीब चालक 'नाही' कसा म्हणणार? भर पावसात पोती उतरवावयास लावावी आणि धान्य भिजल्यावर हमालास बोल लावावा, तशातलाच हा प्रकार. म्हणून वारा, पाऊस अथवा गर्दी यांमुळे चालकाने उड्डाण रद्द केल्यास ठरलेल्या रकमेचा किती भाग द्यावयाचा, हे इसारा देतानाच चिठ्ठीवर लिहावे. तो भाग निम्म्याहून कमी नसावा. 'काम नाही तर दाम कसला?' असे काही सभासद म्हणतील. पण त्या माणसाचा दिवस आपण अडवून ठेवलेला असतो. वायदा मोडल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते, हे बाजारात कोणास शिकवावे लागत नाही.

रद्द करण्याचा निर्णय चालकाचा एकट्याचा असावा. वराच्या मामांचा नव्हे. फिरून चित्रण करावयाचे झाल्यास त्याचा दर त्याच चिठ्ठीवर निराळा लिहून घ्यावा.